त्रागा, थयथयाट की आक्रस्ताळेपणा? लहान मुलांच्या रागाचे शब्द

बालवाडीताई (कोथरूड)

नमस्कार. शब्दांची जाण असलेली बरीच मंडळी इथे आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

मी बालवाडीत शिकवते. सत्र संपताना प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी आम्ही पालकांना लिहून देतो आणि त्या मराठीतच लिहायच्या असा आमचा आग्रह आहे. यंदा एका साडेतीन वर्षांच्या मुलीच्या नोंदीत ‘स्वभाव आक्रस्ताळा आहे’ असं वाक्य आलं. लिहिणाऱ्या ताईंच्या मनात काही वाईट नव्हतं. मुलगी खरंच लोळण घेते, टाचा घासते, हाताला लागेल ते भिरकावते. मी म्हटलं, हे वाक्य असं जाऊ द्यायला नको. त्यांनी सरळ विचारलं, ‘मग कोणता शब्द लिहू?’ मधली सुट्टी संपली तरी आमचं त्यावर एकमत झालं नाही.

माझं मत आधी सांगते. थयथयाट केला जातो, त्रागा केला जातो, भोकाड पसरलं जातं, आणि ते संपतं. आक्रस्ताळं मात्र माणूस ‘असतं’. ते विशेषण अंगाला चिकटतं, पुढच्या वर्गातल्या ताई मुलीला बघण्याआधी ती ओळ वाचतात. शिवाय आक्रस्ताळा आपण कोणाला म्हणतो? ज्याला नीट बोलता येतं, तरी जो आरडाओरडा करून समोरच्याला गप्प करतो त्याला. ‘मला निळा खडू हवा होता आणि तो त्याने घेतला’ एवढं वाक्य या मुलीला शांत असतानाही जेमतेम जुळवता येतं. रागात कुठून जुळणार?

मग नेमका शब्द कोणता? मला जाणवलेले फरक मांडते. झोप अपुरी झाली की होते ती किरकिर, तिला कारण लागत नाही. पिरपिरीत एक मागणी असते आणि ती बारीक आवाजात चालूच राहते. हट्टात वस्तू ठरलेली असते. रुसण्यात आवाज नसतो. फुरंगटण्यात गाल फुगतात, मान वळते. थयथयाटात पाय आहेत. आणि त्रागा मला नीट पकडता येत नाही. माझी आजी तो शब्द मोठ्या माणसांसाठी वापरायची, आई सर्रास मुलांसाठी. तुमच्या घरी काय म्हणतात?

जुना_मुद्रितशोधक (सदाशिव पेठ)

ताई, प्रश्न मोलाचा आहे. सगळी नोकरी छापखान्यात खिळे तपासण्यात गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या यादीत आकांडतांडव राहिलं. मूळ संस्कृत शब्द अकांडतांडव. अकांड म्हणजे अवेळी, प्रसंग नसताना. तांडव मोठं की लहान याला त्यात महत्त्व नाही, ते भलत्या वेळी झालं हे महत्त्वाचं. मराठीत आरंभीचा अ दीर्घ झाला, शब्द आकांताच्या शेजारी जाऊन बसला आणि आता लोकांना त्यात फक्त मोठा आवाज ऐकू येतो. जुन्या अर्थाने बघितलं तर पोळी गोल नाही, चौकोनीच हवी, म्हणून घर डोक्यावर घेणाऱ्या मुलाला हा शब्द चपखल बसतो. कारण एवढंसं, आणि त्यापुढे हा गोंधळ.

थयथयाट नादावरून आलेला. नाचताना पायांचा जो थय थय ठेका पडतो तो. म्हणून पाय आपटल्याशिवाय थयथयाट होत नाही, तुम्ही ते बरोबर पकडलं आहे. या ‘आट’ने संपणाऱ्या शब्दांचा गोतावळा बघा: कडकडाट, गडगडाट, कलकलाट, जळफळाट, चडफडाट. सगळे घडणाऱ्या गोष्टींचे शब्द आहेत. वीज कडाडते, कडकडाट होतो, थांबतो. ‘तो थयथयाटी आहे’ असं मराठी माणूस बोलत नाही. तेव्हा नोंदीसाठी थयथयाट बरा, हे तुमचं म्हणणं भाषेच्या अंगानेही टिकतं.

जळफळाट आणि चडफडाट मुलांसाठी नकोत. जळफळाटात दुसऱ्याचं बरं न बघवणं आहे. चडफडाट आतल्या आत होतो, काही करता येत नाही म्हणून. तीन वर्षांचं मूल आतल्या आत काहीच ठेवत नाही.

एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. ‘आक्रस्ताळं पोर’ हा प्रयोग मी लहानपणापासून ऐकतो आहे आणि त्यात नेहमी दोष दिलेला असतोच असं नाही. पुष्कळदा तो कौतुकाच्या कानाने येतो. शब्दाला एकदम वर्गाबाहेर काढू नका.

वाकडची_आई

माझ्या लेकीचं गेल्या महिन्यातलं सांगते, कारण त्रागा कुठे सुरू होतो ते मला तिथे कळलं.

तुळशीबागेत भातुकलीच्या दुकानासमोर तिने एक इवलासा पितळी बंब बघितला. आधी ‘आई, बघ ना’. मग ‘घे ना’. मग माझी ओढणी धरून ओढणं. मी पुढे चालू लागले तशी ती फरशीवर बसली, पाय आपटायला लागली, सॅंडल उडून समोरच्या बांगडीवाल्याच्या टोपलीत गेली. इथपर्यंत सगळे हसत होते. मग तिने डोकं मागे टाकलं आणि फरशीवर आपटायला सुरुवात केली. माझ्याकडे बघत. मी खाली बसून तिच्या डोक्याखाली हात धरला. शेजारून जाणाऱ्या एक आजी थांबून म्हणाल्या, ‘असा त्रागा करू नये बाळा, लागतं.’

पाय आपटत होती तोवर त्या काही बोलल्या नव्हत्या. डोकं आपटल्यावर त्यांना हा शब्द आठवला. म्हणजे स्वतःला दुखवून घेतलं की त्रागा, असं काही आहे का?

शिवाजीनगरचा_वकील

वाकडच्या ताई, अगदी तसंच आहे. त्या आजींनी शब्द नेमका वापरला.

त्रागा ही एके काळी रीतच होती. गुजरात-काठियावाडात चारण आणि भाट हे देण्याघेण्याच्या व्यवहारात, करारमदारात जामीन राहत. समोरच्याने शब्द मोडला तर ते त्याच्या दारात जाऊन स्वतःच्या अंगावर वार करून घेत. कधी स्वतःचा जीव देत, कधी घरातल्या कोणाचा घेत. ते रक्त सांडल्याचं पाप शब्द मोडणाऱ्याच्या माथी बसतं अशी श्रद्धा होती आणि त्या भीतीने देणेकरी नमायचा. याला त्रागा म्हणत. असा जीव दिलेल्यांच्या नावाचे पाळिये, म्हणजे स्मृतिशिळा, काठियावाडात आहेत. दारात उपाशी बसून धरणं धरायचं ही त्यातलीच सौम्य रीत.

कायद्यातही याची खूण आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेचं कलम 508 बघा. दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करायला लावणं हा त्यात गुन्हा आहे. कलमाखाली दोन उदाहरणं दिली आहेत. पहिलं, दारात धरणं धरून बसण्याचं. दुसरं, ‘माझं काम केलं नाहीस तर मी माझंच एक मूल मारीन’ अशी धमकी देण्याचं. वकिली शिकताना हे दुसरं उदाहरण मला फार विचित्र वाटायचं, असं कोण करतं म्हणून. त्रागा समजला तेव्हा ते उदाहरण कळलं. नव्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम 354 क्रमांकाने आलं आहे.

तेव्हा त्राग्याचे घटक तीन: माझ्याकडे तुझ्यावर जबरदस्ती करण्याचं बळ नाही, म्हणून मी स्वतःला इजा करतो, आणि तू ते बघून वाकावंस. नुसता राग म्हणजे त्रागा नव्हे. ‘जेवतच नाही जा’ हा त्रागा. ‘मला नकोच आता तुमचं काही’ म्हणून स्वतःचीच वही फाडणं हा त्रागा. दुसऱ्याची वही फाडली तर ती आदळआपट.

कृष्णाकाठ (हडपसर, मूळ सांगली जिल्हा)

वकीलसाहेब, माहिती लई चांगली दिलीत. पण तुमच्या व्याख्येत एक अडचण हाय. चारण ठरवून करत होता. पोरगं ठरवून करतंय का? वाकडच्या ताईंची लेक आईकडं बघत डोकं आपटत होती हे खरं, पण दोन वर्षांचं पोर एकटं असलं तरी आपटतं. कोण बघतंय ह्याचा हिशेब त्याच्याकडं नसतो.

आमच्याकडं ‘अंग टाकणं’ म्हणतात. ‘पोरानं बाजारात अंग टाकलं.’ मला हा शब्द सगळ्यात खरा वाटतो. कडेवर असलं तर पाठीची कमान करतं, उभं असलं तर सगळी हाडं काढून घेतल्यागत खाली जातं, दोन माणसांना उचलत नाही. ह्या शब्दात पोराला कसला दोष दिलेला नाही, त्याच्या अंगाचं काय झालं तेवढं सांगितलंय. आमची आई म्हणायची, अंग टाकलेल्या पोराला बोलू नये, आधी सावलीला घ्यावं.

ताई, तुमच्या नोंदीत लिहायला हरकत नाही बघा. ‘मनासारखं झालं नाही की अंग टाकते.’ आईबापाला बरोबर कळंल.

बालवाडीताई

कृष्णाकाठ, हे मी लगेच लिहून घेतलं. ‘अंग टाकणं’ मी आजारी माणसाबद्दल ऐकलं होतं, मुलांबद्दल पहिल्यांदाच ऐकते आहे.

वकीलसाहेब, तुमचा खुलासा वाचल्यावर आजी तो शब्द मोठ्यांसाठीच का राखून ठेवायची ते उमगलं. तिच्या डोक्यात त्रागा म्हणजे उपास करणारी, भिंतीवर कपाळ बडवून घेणारी, ‘विहीर जवळ करते’ म्हणणारी घरातली बाई. तो शब्द उच्चारताना तिचा आवाज खाली यायचा. आई त्याच शब्दाने मला रागवायची तेव्हा त्यातलं भय गेलेलं होतं.

वऱ्हाडी_पुणेकर (मूळ अकोला)

आमच्याकडचा एक फरक सांगतो. पुण्यात जिद्द हा गुण आहे. ‘केवढी जिद्द आहे पोरात’ म्हणून पाठ थोपटतात. आमच्या अकोला-नागपूर पट्ट्यात ‘जिद्द नको करू’ हे लेकराला रोज ऐकावं लागते. तिथे जिद्द म्हणजे हट्टच, आणि जिद्दी पोरगं म्हणजे ज्याच्यापुढे माय थकली ते. हिंदी शेजारी असल्यामुळे तो अर्थ तिकडे राहिला.

मी पुण्यात आलो तेव्हा शाळेतून मुलाच्या वहीत ‘जिद्दी आहे’ असा शेरा आला. बायकोने दोन दिवस मनाला लावून घेतलं. शेजारच्या काकूंनी तो शेरा कौतुकाचा असल्याचं सांगितलं तेव्हा कुठे ती सावरली. ताई, तुमच्या वर्गात विदर्भातली घरं असतील तर शब्द निवडताना हेही बघा.

रुग्णसेविका (येरवडा)

लहान मुलांच्या विभागात काम करते. इथे शब्दांची चर्चा चालू आहे, पण त्या शब्दांमागे शरीरात काय चालतं त्याबद्दलही थोडं लिहावंसं वाटलं.

मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन या संशोधकांचा 2003 सालचा अभ्यास आहे. 18 ते 60 महिने वयाच्या 335 मुलांच्या पालकांनी मुलांचे रागाचे झटके लिहून दिले होते. त्यात दिसलं की बहुतेक झटके फार लहान असतात, अर्धा ते एक मिनिट हे सर्वांत जास्त आढळलेलं प्रमाण, आणि साधारण पाऊण हिस्सा झटके पाच मिनिटांच्या आत संपतात. आईबापांना तेवढ्यात अर्धा तास गेल्यासारखा वाटतो ते वेगळं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात दोन भावना एकत्र असतात. किंचाळणं, लाथा, पाय आपटणं हा राग, तो सुरुवातीलाच शिगेला पोचतो आणि उतरत जातो. रडणं, कण्हणं, जवळ घ्या म्हणून येणं हे दुःख, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू राहतं. राग ओसरला की ते उघडं पडतं. आपल्या मराठीत या टप्प्यांना शब्द आहेत असं मला हा धागा वाचताना जाणवलं. थयथयाट, मग गळा काढणं, मग हुंदके, मग मुसमुसणं. मुसमुसायला लागलं की मूल हात पुढे करतं. तोवर समजावून सांगण्यात काही अर्थ नसतो, ते त्याच्या कानापर्यंत जात नाही. जवळ राहायचं, लागू द्यायचं नाही, वाकडच्या ताईंनी हात डोक्याखाली धरला तसं.

फार आधी, 1931 मध्ये, फ्लॉरेन्स गुडइनफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनीही आयांकडून रोजची टिपणं लिहून घेऊन हाच विषय अभ्यासला होता. वयाच्या दुसऱ्या वर्षी हे प्रकार सर्वांत जास्त होतात आणि जेवणाच्या आधीच्या वेळात वाढतात असं त्यांना आढळलं. भुकेलं मूल किरकिरतं हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगते. काही मुलं रडता रडता श्वास धरतात, ओठ निळे पडतात, क्वचित क्षणभर शुद्धही जाते. घरचे घाबरून जातात आणि त्या दिवसापासून मूल म्हणेल ते द्यायला लागतात. मूल हे मुद्दाम करत नाही आणि श्वास आपोआप परत येतो. पण पहिल्यांदा असं झालं की डॉक्टरांना दाखवाच, कारण यातल्या बऱ्याच मुलांच्या रक्तात लोह कमी असतं आणि लोहाचं औषध दिल्यावर हे झटके कमी होतात. ‘रागीट आहे’ म्हणून सोडून दिलं तर हे हातून निसटतं.

कृष्णाकाठ (हडपसर, मूळ सांगली जिल्हा)

रुग्णसेविका ताई, लोहाची माहिती दिलीत त्याबद्दल खरंच आभार. माझ्या पुतण्याला असंच व्हायचं. गावाकडं त्याला दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळायचे. रक्त तपासायचं कुणाला सुचलं नाही.

नळस्टॉपची_वाचक

मला मोठ्यांकडे वळायचं आहे, कारण हे शब्द मोठ्यांवर कसे वापरले जातात त्याचा त्रास मी भोगते आहे.

मुद्रितशोधक काका म्हणतात की आक्रस्ताळं हा शब्द कौतुकानेही येतो. मुलग्याच्या बाबतीत येत असेल. आमच्या सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या टॅंकरच्या हिशेबाचा प्रश्न मी विचारला. उत्तर मिळालं नाही म्हणून पुन्हा विचारला, जरा मोठ्याने. इतिवृत्तात आलं, ‘सदर सदस्येने आक्रस्ताळेपणा केला.’ त्याच बैठकीत एका गृहस्थांनी टेबलावर हात आपटून खुर्ची मागे ढकलली, त्यांच्यापुढे लिहिलं होतं, ‘तीव्र नापसंती व्यक्त केली.’ मी ते इतिवृत्त बदलून घेतलं, त्यासाठी लेखी हरकत द्यावी लागली.

बाई बोलली की ती तणतणते, फणफणते, थयथयाट करते, त्रागा करते. पुरुष संतापतो. संताप मोठ्या माणसाचा मानला जातो आणि उरलेले सगळे शब्द लहान मुलांच्या खोलीतून आणून बायकांना लावलेले असतात. म्हणून ताई, साडेतीन वर्षांच्या मुलीच्या नावापुढे तो शब्द लिहू नका हे तुमचं म्हणणं मला सर्वांत जास्त पटलं. तिला तो पुढेही ऐकावा लागणार आहे, सुरुवात शाळेने करू नये.

जुना_मुद्रितशोधक (सदाशिव पेठ)

तुमचं म्हणणं मान्य. मुलग्याला आणि मुलीला तो शब्द वेगवेगळ्या वजनाने लागतो हे खरं आहे. अग्रलेखांतून स्त्री-पुढाऱ्यांना आक्रस्ताळ्या म्हटलेलं मी अनेकदा वाचलं आहे, पुरुषाला त्या जागी ‘आक्रमक’ म्हणतात.

बातम्यांच्या मथळ्यांत थयथयाटाचंही तेच होतं. विरोधकांचा थयथयाट, अमक्याचा थयथयाट. त्या माणसाची हरकत काय होती ते वाचकाला कळत नाही, पण ती पोरकट होती एवढं आधीच ठरून जातं. ‘हरकत घेतली’, ‘सभात्याग केला’, ‘घोषणा दिल्या’ असे साधे शब्द आहेत, ते वापरावेत. सभात्याग करणारा माणूस पाय आपटत गेला असेल तरच थयथयाट लिहा.

आळंदीवाट (विश्रांतवाडी)

आतापर्यंत रुसव्याकडे कोणी वळलं नाही. मला वाटतं त्याची जात निराळी आहे, म्हणून लिहितो.

रुसायला माणूस लागतं. परक्यावर कोणी रुसत नाही. रागावता येतं, चिडता येतं, रुसता येत नाही. जो समजूत काढायला येईल अशी खात्री आहे त्याच्यावरच रुसायचं. लग्नातला विहिणीचा रुसवा घ्या, दिवाळसणाला आलेल्या जावयाचा घ्या. त्यात राग किती आणि मान मागून घेणं किती, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं. वाल्मीकींच्या रामायणात कैकेयी दागिने उतरवून क्रोधागारात जमिनीवर पडते. तिथे बाहेरून सगळी लक्षणं रुसव्याची आहेत, पण वकीलसाहेबांची व्याख्या लावली तर तो त्रागाच ठरतो. दशरथाला वाकवायचं हे आधी ठरलेलं आहे.

याच्या उलट रुक्मिणीचा रुसवा. ती द्वारका सोडून दिंडीरवनात आली, देव तिला शोधत आले आणि पंढरपूर झालं, अशी आपली परंपरा सांगते. विठ्ठल आणि रुक्मिणी यांची मंदिरं तिथे वेगळी का, हे विचारणाऱ्याला वारकरी हीच कथा सांगतात. या रुसण्याला कोणीही पोरकट म्हटलेलं नाही.

आणखी एक शब्द संतांच्या अभंगांतला आहे, ‘आळी’. लेकराची आळी म्हणजे लेकराचा हट्ट. पुण्यात आळी म्हटलं की तांबट आळी, बोहरी आळी आठवते, पण अभंगात आळी घेणारा भक्त असतो आणि ती पुरवणारी विठाई. आळीत मुलाला कमीपणा नाही. उलट आळी पुरवली नाही तर आईचा आईपणा उणा पडतो, असा रोख असतो. हट्टाकडे मागणाऱ्याच्या बाजूने बघणारा हा शब्द आपण गमावला याची मला फार हळहळ वाटते. आमच्या घरी आजही नातवाला ‘काय आळी आहे तुझी?’ असं विचारतो. विचारल्यावर तो जरा थांबतो आणि सांगतो.

बालवाडीताई

आळंदीवाट, ‘काय आळी आहे तुझी?’ मी उद्यापासून वर्गात वापरणार.

नोंदीचं काय ठरलं ते कळवते. ज्या ताईंनी मूळ वाक्य लिहिलं होतं त्यांना मी हा सगळा धागा वाचायला दिला आणि त्यांनीच नवीन ओळी लिहिल्या: ‘खेळ मध्येच थांबवावा लागला की अंग टाकते, पाय आपटते. चार-पाच मिनिटांत शांत होते आणि मांडीवर येऊन बसते. डब्याच्या आधीच्या तासाला हे जास्त होतं, घरून निघताना काही खाऊन येते का ते कळवावं.’ त्यावर आईचा निरोप आला, मुलगी सकाळी दुधाशिवाय काही घेत नाही. आता आम्ही तिला आल्या आल्या राजगिऱ्याचा लाडू देतो. फरक पडतो का ते अजून बघतो आहोत.

एक प्रश्न उरला. मुलं स्वतः एकमेकांना काय म्हणतात? आमच्या लहानपणी गल्लीत कोणी चिडलं की ‘चिडका बिब्बा’ म्हणून सगळे मागे लागायचे आणि खेळात हरल्यावर रडणाऱ्याला ‘रडीचा डाव’ सुनवायचे. आता वर्गात यातलं काही ऐकू येत नाही. चिडका बिब्बाच का, हे मलाही नीट सांगता येत नाही.

जुना_मुद्रितशोधक (सदाशिव पेठ)

बिब्ब्याचं तेल अंगावर उततं म्हणून. बिब्ब्याच्या टरफलात काळं तेल असतं, परीट पूर्वी त्याने कपड्यांवर खुणा करायचे, धुतल्या तरी त्या जायच्या नाहीत. तेच तेल कातडीला लागलं की फोड येतात. चिडक्या माणसाला हात लावाल तर भाजाल, असं त्या चिडवण्यात आहे. ‘मध्येच बिब्बा घातला’ म्हणतो तोही हाच.

बालवाडीताई

रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात बिब्बे मिळतात ना? चार घेऊन येते, मुलांना हातात घेऊन बघू देत.

रुग्णसेविका (येरवडा)

ताई, हातात देऊ नका. टरफलाला चीर गेलेली असली तरी मुलांच्या बोटांना फोड येतात आणि मग तोच हात डोळ्याला जातो. बंद काचेच्या बरणीत ठेवून दाखवा. त्याच्या आतली गोडंबी मात्र खुशाल हातात द्या, डिंकाच्या लाडवात घालतात ती हीच. फक्त ती दुकानातून सोललेलीच आणा, घरी फोडू नका.